साडेतेरा हजार किलोमीटरची वाट

ऐका हो मंडळी! आज देवाला नाही, तुम्हालाच विचारतो – बापाचा राग किती लांब जातो? शेजारच्या खोलीपर्यंत? गावच्या वेशीपर्यंत? मागं बसलेले पाटील आत्ताच मान डोलावताहेत! थांबा पाटील, गोष्ट अजून सुरू व्हायचीय!

विट्याचे श्रीपतराव डुबल. एसटीत कंट्रोलर म्हणून जन्म गेला. पाच मिनिटं उशीर झाला की ड्रायव्हरला फैलावर घेणारा माणूस! एकुलती एक लेक वैजयंती, ती सॅन फ्रान्सिस्कोला. एके दिवशी बायको अचानक गेली हो! सकाळी आठला लेकीला फोन केला, संध्याकाळी पाचपर्यंत वाट पाहिली आणि अग्नी दिला. लेक दारात आली दुसऱ्या दिवशी दुपारी. आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही बिचारीला! आणि बाप काय म्हणाला? "आईसाठीसुद्धा उशीरच!"

झालं! तेरा दिवस एक शब्द नाही. सगळं बोलणं कामवाल्या हौसाबाईंच्या मार्फत. चौदाव्या दिवशी सकाळी निघतानासुद्धा तेच! "मावशी, अण्णांना सांगा, निघते मी. विमानात सोळा तास. उद्या सकाळी नऊला उतरेन, आपल्या घड्याळानं." – अण्णा म्हणजे श्रीपतराव, तिथंच बसलेत की हो, दोन हातांवर!

गाडी मुंबईला निघाली. हौसाबाईंनी केरसुणी उचलली, तोच अण्णा ओरडले, "ठेव खाली! पोरगी वाटेत आहे."

माणूस वाटेला लागलं की लगेच केर काढायचा नाही, ही बायकोची रीत. जन्मभर हेच तिला हसले होते!

"अवो, गाडी येशीभाईर गेली की काढत्यात की!"

"तिची वेस कुठं आहे, ठाऊक आहे का तुला?"

त्यांना तरी कुठं ठाऊक होतं? शेजारच्या भूगोलाच्या मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, साडेतेरा हजार किलोमीटर. ताशी पन्नासनं एसटी सोडली तर अकरा दिवस! – हसू नका, त्यांनी खरंच मांडून बघितलं. मग विमानाचे सोळा तास मांडले. मुंबईहून विट्याला सात. तिच्या घरून विमानतळ, तिथली रांग... बेरीज केली आणि पेन्सिल थांबली.

आई गेली त्या दिवशी सकाळी आठला फोन. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी दारात. मधे घोटभर चहालासुद्धा जागा नव्हती हो! फोन ठेवला, तशीच निघाली होती. गाडी वेळेत होती, मंडळी! शेरा मारणारा चुकला होता!

घर तसंच पडून राहिलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला हौसाबाईंचा मोबाइल वाजला. अण्णांनी तो हातातून ओढूनच घेतला.

"मावशी, अण्णांना सांगा – पोचले."

"अण्णाच बोलतोय."

अण्णांनी मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"वैजे... कालपासून घरात केर काढू दिला नाही मी." आणि म्हातारा हमसून रडायला लागला. "त्या दिवशी तुला उशीर नव्हता झाला गं. मीच थांबलो नाही."

मंडळी, "उशिरा आलास" म्हणून तुम्ही कुणाकुणापासून तोंड फिरवलंय? त्याची वाट मोजलीत कधी? आज घरी जाऊन मोजा. आणि चूक तुमची निघाली, तर फोन तुम्ही करा. श्रीपतरावांना समोरून आला – तुम्हाला येईलच असं नाही!