तीन पुस्तकांचं सारण

— नाही नाही, पंखा तू लावू नकोस, त्याला आधी कानफटात द्यावी लागते, मग फिरतो — हं, बघ. बस आता. चहा घे. घे रे. काय झालं? तोंड का असं वाकडं? मीठ! मीठ आहे त्यात, साखर नाही! बघ कसा निमूट गिळलास, शिकलेला माणूस, बोलायचं कसं म्हणून गिळलास — अरे, थुंकायचं ना बेसिनमध्ये! अनीश ना तुझं नाव? छान. दुसरा कप देतो नंतर, त्यात साखर. बहुतेक.

खोली दाखवतो, खोली कुठं पळून चाललीय? माझी लेक गार्गी आणि तिची आई बांगडे आणायला मार्केटात गेल्यात, तोवर या घराचा मालक मी, पद्माकर. तू पण पीएचडीच असशील? वाटलंच. सिंगापूरच्या या क्लेमेंटीत लिफ्टमध्ये चार माणसं असली तर त्यात अडीच पीएचडी असतात. कशात? डासांवर? म्हणजे डास मारतोस की वाढवतोस? दोन्ही! वा, म्हणजे कारभार चोख आहे तुझा. चालेल, डासाचा का होईना, डॉक्टर तो डॉक्टर. थांब, एक फोन लावून बघतो... नाही. उचलत नाही. बंदूक चालवताना फोन गप्प करून ठेवतो तो.

दचकलास? दचकूच नकोस, माझा मुलगा आहे, वरुण, न्यूझीलंडला असतो, कॉम्प्युटरवाला, आणि शनिवारी मैदानावर जाऊन लांबून कागदावर गोळ्या मारतो. माणूस नाही, हरीण नाही — कागद! आमच्या घरात आजवर झुरळसुद्धा चपलेनं मारलं नाही, हाकलून शेजाऱ्यांकडे दिलं, आणि हा बघ. तिथं सगळं कायद्यानं चालतं म्हणतो, परवाना आहे, बंदूक आहे, आणि काडतुसंही घरीच भरतो, आपली आपण. गार्गीचा हुकूम आहे की सिंगापुरात हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बाबा, इथं खिशात रिकामी पुंगळी सापडली तरी माणूस आत जातो, म्हणाली. म्हटलं, माझ्या खिशात कवळी सापडते, तिचं काय करतील? तर मी तोड काढली — काडतुसाला करंजी म्हणायचं. पितळेची पुंगळी ती पारी, आतली दारू ते सारण, वरनं गोळी दाबून बसवली की करंजीचं तोंड बंद. परवा बसमध्ये मी फोनवर ओरडून विचारलं, वरुण, सारण किती भरलंस रे? तर पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणते, काका, ओल्या नारळाचं का सुक्या खोबऱ्याचं? मराठी निघाली! म्हटलं, बाई, असलं सारण आहे की खाणारा परत मागत नाही.

हस की! हसायला काय भाडं पडतं? — थांब, परत लावतो. वाजतंय... वाजतंय... नाही.

तर झालं काय. सारण किती भरायचं ते मनानं ठरवायचं नसतं, त्याची छापील पुस्तकं असतात. दारू करणाऱ्याचं वेगळं, गोळी करणाऱ्याचं वेगळं. अमुक गोळी, अमुक दारू, इथून सुरुवात, आणि ही हद्द, हिच्यापुढं जायचं नाही. वरुणनं तीन पुस्तकं घेतली — आणि तिन्हीत हद्द वेगळी! मला फोटो पाठवले, बाबा, गंमत बघा. मी म्हटलं, अरे, वेगळी असणारच. एकानं लांब नळीतून मारून बघितलं असेल, एकाची पुंगळी जाड असेल, एकाची गोळी वजनाला तेवढीच पण अंगानं निराळी असेल. तर या शहाण्यानं काय केलं असेल? सांग. तू पीएचडी, तू सांग. सरासरी काढली! तीन हद्दी मांडल्या, बेरीज केली, तिनानं भागलं आणि भरल्या करंज्या! पुण्याचा इंजिनिअर, दुसरं काय करणार? म्हणजे ज्या पुस्तकानं सगळ्यात आधी हात आडवा धरला, त्याच्या हद्दीपलीकडं गेलास की रे तू! आमच्या कॅन्टीनला एका दिवाळीत असंच झालं — हो, कॅन्टीन. मी काडतुसांच्या कारखान्यातच होतो नोकरीला, पण कॅन्टीनला, भजी तळायला. आठवी नापास माणसाच्या हातात दारू कोण देतो? तर तीन सुगरणींना विचारलं, करंजीला मोहन किती, तिघींच्या वाट्या निराळ्या, आचाऱ्यानं मधला आकडा धरला — कढईत करंज्याच राहिल्या नाहीत! नुसतं सारण पोहत होतं, आणि साहेब लोक ताटं घेऊन उभे!

आता कढईतली फुटली तर चमच्यानं गोळा करता येते. पण ही करंजी गालाशी धरून उडवतात रे. इथं, असा गाल टेकवून. डोळा तिथंच असतो.

काय झालं? माझा चहा ओतून टाकला बेसिनमध्ये. मीठ होतं ना. माझ्या नाही, तुझ्या कपात होतं, माहितीय — गप बस.

मग मी गार्गीला त्या फोटोंतलं पहिलं पान वाचायला लावलं, आकड्यांच्या आधीचं, जे कुणीच वाचत नाही. तिन्ही पुस्तकांत आकडे निराळे, पण तिथं मात्र तिघांचं एकमत — जिथं फरक दिसेल तिथं सगळ्यात खालून सुरू करा, थोडंथोडं चढवा, पुंगळी बघत जा, आणि हद्दीला हद्दच समजा. हेच मी वरुणला सांगितलं. तर हसला. असा हसला की फोन हलला. बाबा, या वेळची थाप चांगली आहे, म्हणाला. अरे थाप कसली? पण त्याचाही काय दोष? त्याच्या साखरपुड्याला मी नवरीच्या मामाला सांगितलं होतं की मुलाला झोपेत बासरी वाजवायची सवय आहे. आणि मागच्या वर्षी मीच कस्टमचा साहेब होऊन फोन केला त्याला, तुमच्या आईचा चिवडा जप्त झालाय, त्यात संशयास्पद शेंगदाणे आहेत — बिचारा इंग्रजीत माफी मागत होता, सॉरी सर, सॉरी सर! माझे सगळे आवाज आता त्याला पाठ आहेत. मी साहेब झालो, मी डॉक्टर झालो, तरी तो ओळखतो.

म्हणून तू. आता कळलं? तुझा आवाज त्याला माहीत नाही. त्यानं फोन उचलला की तू म्हणायचं, मी डॉक्टर अनीश बोलतोय, सिंगापूरहून. डासांचं नाव काढायचं नाही. म्हणायचं, सरासरी चालत नाही, त्या करंज्या उडवू नकोस. एवढंच. खरी गोष्ट आहे, फक्त खोट्या माणसानं सांगायची. सकाळी उठल्या उठल्या मी त्याला लिहिलंही, करंजीबिरंजी नाही, सरळ — ती काडतुसं डागू नकोस, बाबा. वाचलंय त्यानं, निळ्या खुणा आल्यात. पण उत्तर नाही. आणि आज शनिवार, तिथं आता दुपार झाली, मैदान सुरू झालं असेल, आणि हा —

वाजला! वाजला बघ! धर — नको, माझ्याकडं दे. वरुण! हात दाखव. आधी दोन्ही हात दाखव, मग बोल. उलटे कर. हं. चष्मा काढ. काढ म्हणतो ना! ...हं. आता बोल. — काय? एकही नाही? घरीच आहेस? सगळ्या उकलल्यास? सकाळपासून ठोकून ठोकून गोळ्या काढत बसला होतास, म्हणून उचलला नाहीस... हो हो, खालून सुरू कर, अगदी खालून, घाई काय आहे, कागद कुठं पळतोय... पण काय रे, काल तर हसलास, मग ऐकलंस कसं? ...काय? ...करंजी नव्हतं लिहिलं म्हणून? ते पिवळं हसरं तोंड पण नव्हतं... घाबरलास? ...मला काय झालं असेल म्हणून तू घाबरलास? ...

...

हं. ठेव. ठेव आता. आईला सांगतो.

काय बघतोस? पंख्याचा वारा डोळ्यात जातो माझ्या, केव्हापासून सांगतोय गार्गीला. ऊठ, ऊठ. खोली? कसली खोली? खोली कालच गेली, दीप्ती म्हणून मुलगी आहे, पैसेसुद्धा देऊन गेली. तू बेल वाजवलीस तेव्हाच माहीत होतं, पण मला एक शिकलेला गळा हवा होता ना. रागावू नकोस. नवव्या मजल्यावर मीनल राहते, तिच्याकडं खोली रिकामी आहे, याहून मोठी, खिडकीत झाडाच्या फांद्या येतात. थाप? माझ्याकडं बघ. नीट बघ. हसतोय का मी? मग? जा की.