सोमलाच्या पाण्यावरची सही

मंडळी, आधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. पाण्यात विष कालवणारा पापी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण विष आहे हे ठाऊक असून तोंड मिटून बसणारा? त्याला काय म्हणाल? सज्जन? नोकरदार?

तर ऐका. निंबाळे नावाचं शहर. तिथल्या नगरपालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत कुमुदिनी वाघचौरे नावाच्या बाई. वीस वर्षं नोकरी. एका उन्हाळ्यात धरण आटलं, म्हणून पालिकेनं खोल बोअर मारले आणि ते पाणी बेलदारपुऱ्याच्या नळांना सोडलं. पाऊस आला, धरण भरलं — तरी बोअर चालूच! दोन वर्षं! आणि त्या पाण्यात होतं आर्सेनिक. जुनी माणसं सोमल म्हणत — हो, उंदीर मारायचा तोच! रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तरी जात नाही, महाराज!

"मग तपासत नव्हते का?" — विचारा ना! तपासायचं रसायनच संपलेलं. बाईंनी मागितलं, आलं नाही. मग काय? दर महिन्याला मागचेच आकडे उतरवायचे, खाली सही — 'पिण्यास योग्य'!

एक दिवस बेलदारपुऱ्यातली सुगराबी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तळहात पुढे केले. त्यावर कडक गाठी, मनगटापासून वर काळे ठिपके.

"बाई, डॉक्टर म्हणतात भांड्यांच्या साबणानं झालं. मग आमच्या मालकांना कसं झालं? त्यांनी जन्मात ताटली विसळली नाही!"

हसलात? ती हसत नव्हती.

बाईंनी तिच्या नळाचं पाणी परगावी तपासायला धाडलं. उत्तर आलं — मर्यादेच्या सहापट! तो कागद घेऊन बाई धावल्या अभियंता रायबागकर साहेबांकडे.

"फाडा तो कागद. लोक बिथरतील."

"साहेब, लोक मरतील!"

"आणि आजवरच्या अहवालांवर सही कुणाची? आधी तुम्ही जाल!"

बघा कशी मान पकडली! बाई घरी आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, पाणी यायच्या वेळेला, बेलदारपुऱ्यात गेल्या आणि बायांच्या रांगेसमोर नळाची तोटी बंद केली.

"हे पिऊ नका. यात सोमल आहे. चांगलं आहे म्हणून सही करणारी मीच."

सुगराबी पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता कानाखाली बसणार! ती एवढंच म्हणाली, "तुझ्या भरवशावर नातवंडांना पाजलं गं मी... आता हेच पालिकेत, सगळ्यांसमोर बोलशील?"

"बोलेन."

आणि बोलल्या! भर सभेत, दीडशे बाया पाठीशी घेऊन! आठवड्यात बोअरला कुलूप लागलं, धरणाचं पाणी आलं. बाईंची नोकरी गेली. साहेबांची बदली झाली — बढतीवर! चीड येते ना? यायलाच हवी! सुगराबीचे मालक पुढल्या वर्षी कॅन्सरनं गेले. कुणी कितीही माफी मागो, अंगात भिनलेलं उतरत नाही, मंडळी! सोमल जमिनीनं दिला असेल. तो दोन वर्षं झाकला माणसांनी!

आता त्या साहेबाच्या नावानं बोटं मोडताय? थांबा! आपल्या गावच्या पाण्याचा अहवाल तुमच्यापैकी कुणी, एकदा तरी, मागितलाय? हात वर करा!

...एकही नाही?

कचेरी उद्या दहाला उघडते. मी पायरीवर उभा असेन. आता देवाचं नाव घ्या — आणि सकाळी या!