आपला सण उद्या

नवरा : अगं, पण सण आज आहे.

बायको : तो लोकांचा. आपला उद्या असतो. आणि तुम्ही या वेळेला घरी कसे? बस बंद पडली का?

नवरा : सुटी घेतली.

बायको : कोणी?

नवरा : मी. डेपोतल्या साहेबांच्या किती मागे लागलो, तेव्हा कुठे मिळाली. तू पर्स घेऊन कुठे निघालीस?

बायको : कामावर. आज वॉर्डातल्या सगळ्या नर्सना सुटी हवी असते, म्हणून आजची पाळी मी घेते. मग उद्या मला कोणी बोलवत नाही. इतकी वर्षं असंच चाललंय. तुम्हाला माहीत नव्हतं?

नवरा : मला वाटायचं, तू आणि पोरगी, दोघी घरी असता. माझी वाट बघत.

बायको : वाट? आज या घरात चहा करायलासुद्धा कोणी नसतं.

नवरा : म्हणजे वर्षारंभ म्हणू नको, सुगी म्हणू नको, होड्यांची जत्रा म्हणू नको, मी आपला जादा गाड्या चालवतोय आणि मनात म्हणतोय, बिचाऱ्या माझ्याशिवाय...

बायको : बिचाऱ्यांनी वर्षाचे सगळे सण एकेक दिवस पुढे सरकवले. तुमच्यासाठीच, दुसऱ्या दिवशी तुम्हाला सुटी असते म्हणून. उद्या माझे दोघे भाऊ येतायत, वहिन्या, पोरं. गोडाचं सामान भिजत घातलंय. आता आलाच आहात तर माळ्यावरची मोठी पातेली काढून ठेवा.

नवरा : उद्या मी नाहीये.

बायको : नाहीये म्हणजे?

नवरा : सुटी काय फुकट देतात? आमच्या डेपोतल्या भोंग्या ड्रायव्हरशी अदलाबदल केली. आज माझी गाडी तो नेतोय, उद्या त्याची मी नेणार. म्हटलं, सण आजच साजरा करायचा, तर उद्याचा दिवस हवाय कशाला?

बायको : अहो, तोच एक दिवस आपला होता. तोच देऊन आलात?

नवरा : तुम्हाला चकित करायचं होतं.

बायको : झाले. भोंग्याला फोन लावा.

नवरा : तो आता घाटात असेल. शिवाय उद्या सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं ठरवलंय त्याने. मी शब्द दिलाय.

बायको : साहेबांना विचारलंत, भोंग्याला विचारलंत. मला तेवढं विचारायचं राहिलं.

(आतून लेक येते. मुखवटा कपाळावर सरकवलेला.)

लेक : आई, मागची गाठ मार गं. बाबा? तुम्ही आज?

नवरा : हे काय, कोंबडा झालीस का?

लेक : घुबड आहे, बाबा. दरवर्षी घुबडच असतं.

नवरा : मला कोणी सांगितलं?

लेक : मिरवणुकीचे फोटो दाखवते की दुसऱ्या दिवशी. तुम्ही ताटावरच पेंगत असता.

बायको : यांनी आजची सुटी घेतलीय. उद्याची देऊन.

लेक : उद्याची? आई, पण परवा पहाटे माझी गाडी आहे.

नवरा : माहितीये मला. म्हणून तर घेतली. तू एकदा नोकरीला गेलीस की पुढच्या वर्षी कसली मिरवणूक आणि कसलं घुबड. म्हटलं, एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. यात माझं काय चुकलं ते सांगा.

बायको : चुकलं कुठे म्हणतेय मी? भावांना काय सांगू तेवढं सांगा. परवा या म्हणू? कुणाला भेटायला?

नवरा : उद्या करा ना तुम्ही. मी नसेन एवढंच.

बायको : तुम्ही असावं म्हणून तर उद्या करतो. डोकं फिरायची वेळ आली. वळ गं इकडे, गाठ मारते. मला पाळीवर जायचंय. डबा माझ्यापुरताच केलाय, तुमचं तुम्ही बघा.

नवरा : जा दोघी. मी बसतो घरात. सुटी आहे ना माझी.

लेक : घरात कशाला बसता? मिरवणूक बघायला या की. कुठून जाते ते माहीत आहे ना?

नवरा : नाही. आम्हाला फक्त गाड्या कुठून वळवायच्या ते सांगतात. बाजाराच्या पुलापाशी अडथळे लावलेले असतात, तिथून मी डावीकडे वळतो. पुढचं मला काही माहीत नाही.

लेक : मग आज वळू नका, बाबा. सरळ चालत या.