दुपारचा फुगा

आमच्या सगळ्या बानात प्रांतात वाऱ्याची जात माझ्याइतकी कोणाला कळत नाही — परवा माझी टोपी उडाली ती अजून सापडली नाही, ते सोड. आत ये, ओग्नेन, दार लाव. आणि ते जाकीट बाहेर खुंटीला अडकव. नायलॉनचं आहे ना? ठिणगी पडते त्यातून. या खोलीत हायड्रोजन असतो, इथं सुती कपड्यांत यायचं, नाहीतर फुग्याच्या आधी आपण दोघं वर जाऊ. थंडी वाजते? वाजू दे की. तुमच्या क्लबातली चारशे माणसं घरात सपाता घालून, कॉफी पीत पीत, कॉम्प्युटरवर विमानं उडवत अटलांटिक ओलांडतात — एकाला तरी थंडी वाजू दे.

काय म्हणालास, तुमच्या खेळातला वारा इंटरनेटवरून येतो? हो, आणि अंडी पिशवीतून येतात. हा बघ वारा, हा फुगा. आत्ता माझ्याएवढा आहे, सोडला की वर वर फुगत जातो — वर त्याला दाबून धरायला हवाच कुठंय — तीस किलोमीटरवर घराएवढा होतो आणि फुटतो. खाली लोंबतो तो पांढरा डबा. त्याला पंखा नाही, काही नाही, तो वारा मोजतच नाही. नुसता वाहवत जातो, आणि उपग्रहाला विचारून विचारून कळवत राहतो की मी आत्ता इथं आहे, आता इथं आहे. किती वाहवला, तोच वारा. लाझार म्हणायचा, दारुड्याच्या चालीवरून दारू ओळखायची, तसलं हे काम. असे आठ-नऊशे फुगे जगभर एकाच सुमाराला सुटतात, मोठाली यंत्रं ते सगळं गिळतात, आणि त्यातून जो वारा निघतो तो खऱ्या वैमानिकालाही जातो आणि तुझ्या सपातांनाही.

लाझार म्हणजे माझा जोडीदार. आमचा कोशावा वारा सुटला ना — आग्नेयेकडून येतो, मेला, बैलासारखा — की एकट्याला फुगा बाहेर काढता येत नाही, कुंपणावर आपटून फुटतो. म्हणून दोघं. तेवीस वर्षं. आम्ही डब्यावर लिहायचो, ‘सापडेल त्याने एक बाटली राकिया घेऊन यावे, न आणल्यास शेतावर गारा पडतील.’ घरगुती दारूच्या सात बाटल्या आल्या. एकदा रोमानियाकडचा एक पाद्री आला, डबा घेऊन, हात हलवत — आणि त्याच्या मळ्यावर खरंच पडल्या रे. लाझार आठवडाभर चर्चच्या रस्त्यानं गेला नाही.

तर ते पत्र, राजधानीतून आलेलं. तुला बोलावलं ते त्यासाठीच. एक तारखेपासून दुपारचा फुगा बंद. मध्यरात्रीचा राहील, तो यंत्र सोडणार — म्हणजे दुपारचा गेला की मीही गेलो. म्हणतात, आता विमानंच वारा कळवतात. कळवतात, मी कुठं नाही म्हणतो? पण जिथं जातात तिथलाच कळवतात. त्यांच्या डोक्यावर काय चाललंय ते कोण सांगणार? आणि खाली लिहिलंय, वापरणाऱ्यांची हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे. आता वापरणारा कोण? मी तर घरी पत्ते खेळतो. वापरणारा तू. चारशे सह्या आण, हसू नकोस. लिही, की हा ट्रिफुन एकतीस वर्षं इथं आहे, एक दुपार चुकली नाही. एकही नाही.

म्हणजे — एक. ती लिहू नकोस.

लाझारला पुरायचं होतं ना, बरोबर बारा वाजता. पाद्री थांबेना, फुगाही थांबत नसतो. आणि कोशावा असा, की एकट्यानं — मग काय करणार? तेव्हा आकडे हातानं घालता यायचे. कालचेच घेतले, जरा इकडे-तिकडे केले, दिले पाठवून. लाझारलाच आवडली असती ती खोडी. पण कबरीशी उभा राहिलो आणि सवयीनं वर बघितलं — ते उंचावरचे ढग असतात ना, पिसांसारखे, ते उत्तरेकडून धावत होते. मी पश्चिमेचा वारा लिहून आलो होतो. संध्याकाळपर्यंत फोनजवळ बसलो. आता राजधानीतून कोणीतरी शिव्या घालील, की ट्रिफुन, गाढवा, काय पाठवलंस हे. नाही आला फोन. दुसऱ्या दिवशी नाही. आठ वर्षं झाली, अजून नाही. शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं झोपलो असतो.

असो. धर इथं, दोन्ही हातांनी. विमानतळाला विचारलंय, सोडा म्हणाले. कुंपणापासून लांब ठेव — अजून लांब — आता सोड. गेला. बघ कसा झिंगत चाललाय वायव्येला. चल, आता हात चोळत बसू नकोस, हे पेन घे, हा कागद. पहिलं वाक्य मीच सांगतो, मग पुढचं तुझं. लिही, ‘दुपारच्या फुग्यावाचून आमचं चालणार नाही.’ काय झालं? लिही की. बघतोस काय असा?

“तेव्हाही मी रोज उडत होतो, ट्रिफुनकाका. मलाही त्या दिवशी काही कळलं नाही.”