सहा तारांची मोटर

नाव: वायंडरबाई, याच नावाने सगळे ओळखतात. वय ४७ वर्षे. धंदा: जळालेल्या मोटरी भरून देणे, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देणे. राहणार: दुकानामागच्या खोलीत.

समक्ष ठाण्यात हजर होऊन जबाब देते की, माझा धाकटा भाऊ हातगाडीवर भंगार गोळा करतो. काल सकाळी दहाला तो एक मोटर घेऊन बेकरीसमोरून जात असताना बेकरीवाल्यांनी त्याला अडवलं आणि ही आपलीच चोरीला गेलेली मोटर आहे असं सांगून पोलिसांच्या ताब्यात दिलं. तेव्हापासून तो इथे आहे. मोटर त्याने एका बंद कारखान्याच्या शिल्लक मालातून विकत घेतली. पावतीवर नुसतं 'मोटर, नग एक' लिहिलंय. मोटरीवरची पाटी गेलेली, रंग हिचाही करडा, बेकरीच्या मोटरीचाही करडा. एवढ्यावरून उचलली जीभ लावली टाळ्याला.

आज सव्वाअकराला साहेबांनी मला ती ओळखायला सांगितली. बेकरीवाले म्हणाले, "बाईमाणसाला मोटरीतलं काय कळतंय?" त्यांची मोटर आजवर दोनदा जळाली आणि दोन्ही वेळा मीच भरली. घेऊन यायचा त्यांचा नोकर, म्हणून त्यांना माझं तोंड माहीत नाही. मला त्यांच्या मोटरीचं पोट पाठ आहे.

दोन पंचांसमोर टेबलावर मोटरीचं झाकण काढलं. आत सहा तारा, सगळ्या काळ्या, एकीवरही खूण नाही. मीटर लावून कोणती कोणाशी जुळते ते पाहिलं. तीन जोड्या निघाल्या. एका जोडीचा दुसरीशी संबंध नाही, बॉडीशीही नाही. तिन्ही कॉइलचं रीडिंग सारखं, म्हणजे ही थ्री फेज, हिला विजेच्या तीन फेज लागतात. बेकरीची मोटर सिंगल फेज. तिच्यात एक कॉइल जाड तारेची, एक बारीक, आणि डोक्यावर कंडेन्सर. बेकरीत खांबावरून दोनच तारा येतात. ही मोटर तिथे नुसती गुरगुरेल, फिरणार नाही. शिवाय सहा वर्षं कणीक मळणाऱ्या मोटरीच्या पोटात पीठ सापडतं. हिच्यात वॉर्निश चकाकतंय आणि शाफ्टवर पुली कधी बसलेलीच नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बेकरीवाले म्हणाले, "मग माझी मोटर कुठंय?"

मी म्हटलं, "ते पोलीस शोधतील. माझ्या भावाच्या माथी मारू नका." मला राग आला होता, अजून आहे.

साहेबांनी 'बहुतेक ही ती नसावी' असं लिहायला सांगितलं. मी हरकत घेतली. बहुतेक नाही, ही ती नाहीच. तसं लिहून घेतलं आहे.

हवालदारांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोलले तसंच आहे, शब्द इकडचा तिकडे नाही. सही मागितली तेव्हा भाऊ समोरच्या बाकावर होता, एक हात खिडकीच्या गजाला बेडीने अडकवलेला. ती निघाल्याशिवाय पेनाला हात लावणार नाही, असं मी सांगितलं. साहेबांनी हवालदारांकडे किल्ली दिली. बारा चाळीसला बेडी काढली.

आता सही करते.