घरी कोणी नाही

हॅलो? … कोण पाहिजे? … नाही, इथे अशी कोणी बाई राहत नाही. नंबर चुकला तुमचा. … काय? … कोण, धाकटी? अगं मग तसं बोल ना. घसा बसलाय का तुझा? आणि एकदा वाजवून कापायचं, मग पुन्हा करायचा, असं ठरलंय ना आपलं? तू आपली सरळ वाजवतच बसलीस. इथे सुनेच्या हातातलं पातेलं पडलं. … हो, हो, मीच बोलतेय. तुझी सख्खी थोरली बहीण. आता आणखी काय खूण पटवू?

… कसली लपाछपी सुटणार गं? सुटली असती तर फोन असा उचलला असता का मी? … अगं ऐक ना. लाकूडवाल्याचं, कापडवाल्याचं फिटलं. फोमवाल्याचं फिटलं, परवाच. स्वतः जाऊन देऊन आला पोरगा. येताना त्या फोमवाल्याने त्याला चहा पाजला म्हणे. तर हा घरी येऊन दिवसभर तेच सांगत होता, आई, त्याने मला चहा पाजला. चाळिशीचा घोडा, आणि चहाचं कौतुक. … आता राहिले दोघे. एक फायनान्सवाला आणि एक तुझा नवरा. … छे, टोमणा कशाला मारू? घेतलेत ते घेतलेत. त्याचे बुडणार नाहीत म्हणावं. मी आहे तोवर नाही, आणि मी गेल्यावरही नाही.

… बरं, त्यासाठी नाही केलास फोन. मग? … थांब, थांब, तुझं सांगशील सावकाश. आधी माझं ऐक, आज काय झालं ते. सकाळी बेल वाजली. … अगं दम धर की जरा. पोराला आज सुट्टी, मागच्या खोलीत खुर्चीला पट्ट्या ठोकत बसला होता. एरवी दिवसभर दुसऱ्याच्या सोफ्याच्या दुकानात राबायचं आणि सुट्टीला घरचं. तर बेल वाजली. मी फटीतून बघते तो एक बुवा. चकचकीत बूट, काखेत बॅग, खिशाला पेन. बघितल्याबरोबर ओळखलं मी, फायनान्सचा नवा माणूस. जुना आताशा कंटाळला बिचारा. आणि हा नवा काय करतोय? पायरीवर दुरुस्तीच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात ना, त्यातल्या एकीच्या बैठकीत अंगठा दाबून बघतोय. मग उलटी केलीन, खालून बघितलीन. मग दुसरी उलटी केलीन. म्हटलं, झालं, हा जप्तीचा. आता एकेक वस्तू लिहून नेणार.

… नाही, अजून संपलं नाही. मजा तर पुढेच आहे. मी दार उघडलं, एवढंसं. साखळी लावूनच. पोराचं नाव घेतलंन. मी म्हटलं, ते लोक गेले घर सोडून. आम्ही नवे भाडेकरू. तो म्हणाला, कुठे गेले? मी म्हटलं, देव जाणे, आणि तुम्हीही त्याच्या नादी लागू नका. महा बुडव्या माणूस. आमच्या घरमालकालाही टोपी घालून गेलाय, त्याच्या सावलीलाही उभं राहू नका. असा गेला गं तो, असा गेला, मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीन. सून आत तोंडात पदर कोंबून हसत होती. …

… हॅलो? … अगं बोल ना. मघापासून बोलू दे, बोलू दे करत होतीस, आता दातखीळ बसली का?

… कोणी पाठवला?

… तू?

… हो, बूट चकचकीत. … हो, तपकिरी बॅग. … डाव्या भुवईवर तीळ? असेल, मी काय त्याच्या भुवया बघायला उभी होते? … म्हणजे फायनान्सचा नव्हे? … नाटकाच्या हॉलचा? कुठला मॅनेजर? … तो मोठा हॉल, बाजारापलीकडचा? … आणि तो खुर्च्या उलट्या कशाला करत होता मग? … काम कसं आहे ते बघायला. हो. बरोबर. गिऱ्हाईकही उलटीच करून बघणार. … जप्तीवालाही उलटीच करतो ना गं. मला काय कळणार, कपाळावर लिहिलेलं असतं का?

… ओरडू नकोस. ओरडू नकोस म्हणते ना. … किती खुर्च्या बांधायच्या? … सगळ्या? बाल्कनीतल्या धरून? … आणि अर्धे पैसे आधी?

थांब. बसू दे मला जरा.

… हो, ऐकतेय. … तुझ्या नवऱ्याने शब्द टाकला होता. कळलं. त्याची मान खाली गेली. कळलं. … अगं पण मग आधी सांगायचं नाहीस का मला, की असा असा माणूस येतोय? … सांगितलं होतंस? कधी? … पोराच्या फोनवर? अगं तो उचलतो का कधी अनोळखी… अनोळखी नाही गं, पण तुझ्या नवऱ्याच्या फोनवरून केलास ना? तुझ्या नवऱ्याचा नंबर दिसला की तो फोन उशीखाली घालतो. … मला काय विचारतेस का म्हणून? देणेकऱ्याला विचार. … त्या मॅनेजरनेही केले होते फोन? किती? … बघ. तेही उशीखाली गेले असणार. आमच्या त्या उशीला सगळं माहीत आहे.

… काय म्हणाला तो तुझ्या नवऱ्याला? … बोल, लपवू नकोस. … म्हणाला, एक खाष्ट म्हातारी भेटली. बरं. पुढे? … आतून ठोकल्याचा आवाज येत होता आणि बेल दाबल्याबरोबर थांबला?

… एवढं ऐकलंन त्याने? … मला बोलला नाही तसं काही. मुकाट गेला. … म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं गं. माझं एवढं सगळं रामायण ऐकून घेतलंन आणि त्याला ठाऊक होतं की पोरगा आत बसलाय.

… नाही, रडत नाहीये. माझा राग राग होतोय. आणि तुझं काय जातंय दोष द्यायला? आम्ही काय हौस म्हणून लपतो? ऐन भरात होतं की दुकान. तीन कारागीर हाताखाली. त्या हॉटेलवाल्याने गाड्या भरभरून सोफे नेले, आणि द्यायची वेळ आली तर हॉटेललाच कुलूप. लाकूड उधारीचं, कापड उधारीचं, फोम उधारीचा. मग एकाची टोपी दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. शेवटी टोप्या संपल्या आणि डोकी राहिली, सगळी आमच्या दारात उभी. … तुला आठवतंय ना, तो लाकूडवाला पायरीवर झोपला होता? तेव्हापासून बसवलीय मी ही कवायत. बेल वाजली की पंखा बंद, टीव्ही बंद, पोराने हातोडी खाली ठेवून मागच्या दाराने जायचं, सुनेने मोरीत. बोलायचं फक्त मी. घर वाचवलं मी त्या साखळीने. … हो, आणि आज त्याच साखळीने… माहीत आहे. सांगायची गरज नाही. लक्ष्मी टिळा लावायला आली की लोक तोंड धुवायला जातात. मी तर तिला बुडव्यांचं घर म्हणून हाकलून दिलं.

… काय? … तो पुन्हा येतो म्हणाला?

… अगं हे आधी सांगायचं की नाही, भवाने. मघापासून माझा जीव टांगून ठेवलास. … कधी? … आत्ता? वाटेवर आहे म्हणून? … एकदाच. आणि आज दार नाही उघडलं तर काम दुसऱ्याला. बरोबर आहे त्याचं. मीही तेच केलं असतं. …

… नाही, पोराला अजून सांगितलं नाही. आत ठोकतोय, ऐकू येतंय ना तुला? … ऐक धाकटे, हे काम मिळालं ना, तर तो दुसऱ्याच्या दुकानातून सुटेल. तिथला मालक त्याला अरे-तुरे करतो गं. वयाने ह्याच्याहून लहान, ह्याने स्वतः शिकवलेला मुलगा तो. आणि हा घरी येऊन काही बोलत नाही. जेवतो आणि ठोकत बसतो.

… हं, सांग. काय युक्ती? … सुनेने दार उघडायचं. बरं. … आणि मी कुठे? … आतल्या खोलीत. कशाला? … काय सांगायचं त्याला? पुन्हा बोल. … शेजारची म्हातारी? डोक्याने जरा कमी आहे, कोणाच्याही दारात जाऊन काहीही बडबडते?

… मी?

… नाही, सुचलं छान तुला. लहानपणापासून तुला असंच सुचतं. … अगं समजतंय मला, पोराच्या भल्यासाठी. पोराच्या भल्यासाठी मी गेली चार वर्षं काय काय नव्हते? त्याची आई सोडून सगळं झाले. घरमालकीण झाले, भाडेकरू झाले, बहिरी झाले. एकदा तर त्या फायनान्सवाल्यासमोर मीच वारले असं सांगितलं आहे सुनेने, आणि मी आत श्वास धरून बसले होते. आता वेडी तेवढी राहिली होती. …

… कोणाला राग आलाय? मला? … हो, आलाय. तुला एक सांगू? परवा नातीला बाईंनी वर्गात विचारलं, तुझे बाबा काय करतात? सगळी पोरं सांगत होती, कोणाचा दुकानदार, कोणाचा ड्रायव्हर. ही उभी राहिली आणि म्हणाली, माझे बाबा घरी नसतात. … तेवढंच. बाईंना वाटलं, बाप सोडून गेला. घरी निरोप आला, काही मदत हवी का म्हणून. सून हसली, मी हसले. पोरगा नाही हसला. … नाही, तुला नव्हतं सांगितलं. काय सांगायचं त्यात?

… हो, हो, आहे लक्षात, वेळ नाही. पण शेजारची वेडी नको. … नको म्हणजे नको. एका सोंगामागे दुसरं लागतं. उद्या तो काम बघायला येणार, परवा येणार, मग मी काय रोज आतल्या खोलीत लपून बसू? … मग काय सांगू ते मला काय माहीत. जे आहे ते सांगेन. … ऐकेल नाहीतर जाईल. … अगं हो गं बाई, मला कळतंय काय जाईल ते. तुझ्यापेक्षा जास्त कळतंय.

थांब.

… बेल वाजली.

… नाही, माहीत नाही कोण. दोनदा दाबली. फायनान्सवालाही दोनदाच दाबतो. … अगं आता फटीतून नाही बघणार मी. ठोकणं थांबलं बघ, ऐकलंस? लगेच थांबलं. झाली कवायत सुरू.

सूनबाई, ये बाहेर. मोरीत जायचं नाही. … मी सांगतेय म्हणून. पंखा लाव. लाव म्हणते ना, घामाघूम होऊन का भेटायचं कोणाला. आणि त्याला थांबव, मागच्या दाराला गेला असेल. … चप्पल घालतोय? मग काढायला लाव. … अरे ए, तोंडातले खिळे काढ आणि इकडे ये. माझ्यामागे उभा राहा. बोलू नकोस काही, फक्त दिस.

… हं, आहे मी फोनवर. … साखळी निघत नाहीये गं ही. रोज लावायची सवय, पूर्ण कधी काढलीच नाही, गंजली वाटतं. … ओढतेय. … निघाली.

या. …

हो, मीच ती. सकाळची. नवे भाडेकरू वगैरे कोणी नाही. मी ह्याची आई, आणि हा माझा मुलगा, तुम्ही ज्याला विचारत होता तो. घर सोडून कुठेही गेला नव्हता, मागच्या खोलीत होता. देणी आहेत आमच्यावर. निम्मी फिटली, निम्मी फिटतायत. तुमची बॅग बघून मला वाटलं, तुम्ही त्यातलेच. … बुडव्या म्हटलं ते खोटं. एकाचेही बुडवलेले नाहीत त्याने. हवं तर फोमवाल्याला विचारा, चहा पाजतो तो. …

काय म्हणालात? … नाही, बसल्याशिवाय बोलायचं नाही. ही घ्या, त्यानेच बांधलीय. अशी टेकून काय बसता, नीट बसा. अंग टाका. … हं. आता उठून बघा, बैठक वर येते की नाही. … बघ रे, त्यांना खालून दाखव. तू दाखव, मी काय दाखवू?

… अगं तू अजून आहेसच का फोनवर? … काय म्हणतोय, काय म्हणतोय काय? काही म्हणत नाहीये. खुर्ची उलटी करून दोघे खाली वाकलेत. … मला काय माहीत देईल की नाही. माझा पोरगा बोलतोय त्याच्याशी, एवढं दिसतंय. हातवारे करून बोलतोय. …

बरं, ठेव आता. … अगं ठेव, नंतर सांगते सगळं. आमच्याकडे कोणीतरी आलंय.