नळ उघडा राहिला

आमच्या काकांना सिनेमातलं काय कळतं ते ऐका. काका गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, म्हणजे हॉलची किल्ली त्यांच्याकडे. दिवसभर पाण्याच्या टँकरची वाट बघत बसणाऱ्या बायकांना मी तिथे जुने इंग्रजी सिनेमे दाखवायचं ठरवलं, तर म्हणाले, "आधी एक मी बघतो. वंगाळ निघाला की कुलूप!"

शिकलेल्या पुतणीपेक्षा किल्ली मोठी. लावला सिनेमा.

पडद्यावर एका देखण्या नटीनं नवऱ्याला गोळी घातली. मी धास्तावून काकांकडे बघितलं. काकूच बोलल्या, "मारकुटाच व्हता मुडदा." काका गप्प. नटीनं सिगारेट पेटवली, तरी गप्प. मला वाटलं, जिंकले.

मग तिनं हातावरचं रक्त धुतलं आणि नळ तसाच वाहता सोडून खिडकीत जाऊन रडत बसली.

"अगं ए, नळ!" अख्खा हॉल ओरडला. काका तर उभेच राहिले. "लई माजली हाय ही! फाशी द्या हिला!"

तेवढ्यात इन्स्पेक्टर आला. त्यानं आधी नळ बंद केला, मग तिला बेड्या घातल्या. टाळ्याच पडल्या.

बाहेर काकांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "पुढच्या सिनेमात खून कितीबी असू दे. नळ तेवढा बघून घेत जा."